चीनचं इंटरनेट, तिथलं राजकारण आणि तिथली माणसं: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

मी पुण्यात मँडरिन शिकवते, त्याआधी चार वर्षं जच्यांग प्रांतातल्या यीवू शहरात दुभाषी म्हणून काम करत होते. त्यामुळे विद्यार्थी, त्यांचे आईबाबा, चीनला निघालेले व्यापारी, सगळ्यांचे मेसेज येत राहतात आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे शेवटी. एका उत्तरातलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय. इथे चीन म्हणजे मुख्य भूमी धरायची, हाँगकाँग आणि तैवानची गोष्ट वेगळी आहे.

१. चीनमध्ये नेमकं काय काय बंद आहे? मग लोक वापरतात तरी काय?

गूगल, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स म्हणजे जुनं ट्विटर, व्हॉट्सॲप, विकिपीडिया, हे सगळं साध्या नेटवर उघडत नाही. पण म्हणून लोक हात चोळत बसलेत असं अजिबात नाही, ऑनलाइन लोकांची संख्या शंभर कोटींच्या वर आहे आणि त्यांचं स्वतःचं भरगच्च जग आहे. वीचॅट म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक, गूगल पे आणि सरकारी खिडकी असं सगळं एकात. वेइबो हे साधारण ट्विटरसारखं, गावभरची चर्चा तिथे चालते. डोयिन आणि क्वायशौ छोट्या व्हिडिओंसाठी, बिलिबिली तरुणांचं, श्याओहोंगशू कपडे-प्रवास-सल्ले ह्यासाठी, दोबान पुस्तकं-सिनेमावाल्यांचं.

यीवूत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी पालेभाजी घेऊन बसायच्या. गळ्यात दोरीने अडकवलेला क्यूआर कोडचा पुठ्ठा, आणि फोन वाजला की न बघता मान हलवायच्या, पैसे आले. भारतात यूपीआय घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट. सांगायचं कारण एवढंच की वीचॅट तिथे 'सोशल मीडिया' नाहीये, तो रोजचा संसार आहे, आणि म्हणूनच अकाउंट बंद होणं ही तिथे फार मोठी शिक्षा असते. भाजीचे पैसे, ऑफिसचा ग्रुप, आईचे मेसेज, सगळं एकदम जातं.

२. हे सुरुवातीपासून असंच होतं का?

नाही. चीन १९९४ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटला पूर्णपणे जोडला गेला आणि पुढची बरीच वर्षं बाहेरच्या कितीतरी साइट्स उघडायच्या. मोठा फरक २००९ मध्ये पडला. त्या वर्षी मार्चमध्ये यूट्यूब गेलं, जूनमध्ये तिआनआनमनच्या (बीजिंगच्या ह्या चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन ४ जून १९८९ ला लष्कराने रणगाडे आणून चिरडलं) विसाव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर ट्विटर गेलं आणि जुलैमध्ये शिनज्यांगची राजधानी उरुम्चीत दंगल झाली तेव्हा फेसबुक गेलं. लगेच ऑगस्टमध्ये सिना कंपनीचं वेइबो सुरू झालं, म्हणजे जागा रिकामी झाली आणि भरली पण. २०१० च्या मार्चमध्ये गूगलने सर्च हाँगकाँगला हलवलं. इन्स्टाग्राम २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनाच्या वेळी बंद झालं, व्हॉट्सॲप २०१७ मध्ये, आणि २०१९ च्या एप्रिलपासून विकिपीडिया सगळ्याच भाषांत बंद आहे, त्यात आपला मराठी विकिपीडियाही आला.

३. सेन्सॉर करतं कोण? सरकारी माणूस बसून प्रत्येक मेसेज वाचतो का?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. 'ग्रेट फायरवॉल' ही भिंत फक्त बाहेरचं आत येऊ देत नाही. आतलं जे आहे त्यावर लक्ष ठेवायचं काम मुख्यतः कंपन्याच करतात, सरकार त्यांना जबाबदार धरतं. २०१४ पासून सायबरस्पेस ॲडमिनिस्ट्रेशन ही केंद्रीय संस्था वरून आदेश देते, २०१७ च्या जूनपासून सायबरसुरक्षा कायदा आहे, आणि कुठल्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर 'नको ते' दिसलं तर दंड, ॲप स्टोअरमधून हकालपट्टी किंवा थेट टाळं. नेमकं काय चालणार नाही ह्याची पक्की यादी कोणाकडेच नसते, मग कंपनी घाबरून गरजेपेक्षा जास्तच छाटते, ओल्याबरोबर सुकंही जळतं.

एक उदाहरण बघा. २०१८ च्या एप्रिलमध्ये बाइटडान्स कंपनीचं नेईहान द्वानझ नावाचं विनोदांचं ॲप सरकारने कायमचं बंद करायला लावलं, राजकारणासाठी नव्हे, तर चावट आणि 'खालच्या दर्जाचं' म्हणून. कंपनीचे संस्थापक जांग यिमिंग ह्यांनी जाहीर माफीनामा लिहिला आणि तपासनिसांची संख्या सहा हजारांवरून दहा हजार करू असं कबूल केलं. म्हणजे तपासणारी माणसं आहेत, पण ती पगारी कंपनीची, शिफ्टमध्ये काम करणारी, बरीचशी पंचविशीतली मुलं. त्यांच्या आधी मशीन शब्द आणि फोटो गाळतं.

आणि नाव लपवून लिहायची सोय फारशी उरलेली नाही. सिमकार्ड खऱ्या ओळखपत्रावर मिळतं, २०१९ च्या डिसेंबरपासून नवीन सिम घेताना चेहराही स्कॅन होतो, अकाउंट त्या नंबरला जोडलेलं. २०२२ च्या एप्रिलपासून वेइबो आणि इतर ॲप्सवर तुम्ही कुठल्या प्रांतातून किंवा देशातून लिहिताय तेही नावाखाली दिसतं. २०२५ च्या जुलैपासून एक राष्ट्रीय इंटरनेट ओळख क्रमांकही आलाय, सध्या ऐच्छिक आहे.

४. सरकारवर टीका केली की लगेच उचलून नेतात, हे खरं का?

सरसकट खरं नाही. रस्ता खराब आहे, हॉस्पिटलने लुटलं, तहसीलदारासारखा कोणीतरी अधिकारी लाच खातो, असं लोक रोज लिहितात, शिव्या घालून लिहितात. पीपल्स डेली ह्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पेपरचीच २००६ पासून एक साइट चालते, नेत्यांसाठीचा तक्रार फळा म्हणा हवं तर, तिथे माणूस आपल्या भागातल्या सचिवाला गटाराबद्दल लिहितो आणि कधीकधी उत्तरही येतं. वरच्यांनाही खालच्या अधिकाऱ्यांची खबर हवीच असते.

हार्वर्डचे गॅरी किंग आणि त्यांच्या सहकारी जेनिफर पॅन, मार्गरेट रॉबर्ट्स ह्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात डिलीट झालेल्या पोस्ट तपासल्या होत्या. त्यांना दिसलं की नुसत्या टीकेपेक्षा लोक एकत्र येतील, रस्त्यावर उतरतील अशा पोस्ट जास्त उडवल्या जातात, मग त्यात सरकारची स्तुती असली तरी. माझा स्वतःचा अनुभवही तोच, घरमालकीणबाई पालिकेला मनसोक्त बोल लावायच्या पण 'चला सगळे मिळून ऑफिसात जाऊ' असं ग्रुपमध्ये कोणी लिहिलं की दोन मिनिटांत दुसरं कोणीतरी 'हे काढ रे बाबा' लिहायचंच.

पण मोकळीक आहे असंही समजू नका. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम काढला की बदनामीकारक मजकूर पाच हजार जणांनी पाहिला किंवा पाचशे वेळा शेअर झाला तर तुरुंगवास होऊ शकतो. त्याच सुमाराला वेइबोवर लाखो फॉलोअर असलेल्या मोठ्या आवाजांवर कारवाई झाली आणि तेव्हापासून वेइबोचा राजकीय दरारा ओसरला तो ओसरलाच. सर्वोच्च नेते, १९८९, शिनज्यांग, तिबेट ह्यावर तर काहीच चालत नाही.

५. ऑनलाइन ओरडून तिथे कधी काही बदललंय का?

हो, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

२००३ मध्ये सुन झगांग नावाचा २७ वर्षांचा ग्राफिक डिझायनर ग्वांगजौमध्ये रात्री बाहेर पडला, जवळ शहरात राहायचा परवाना नव्हता म्हणून पोलिसांनी धरलं आणि कोठडीत मारहाणीत तो गेला. तिथल्या एका दैनिकाने बातमी छापली, ती वेबसाइटांवरून देशभर पसरली, आणि दोन महिन्यांच्या आत सरकारने बाहेरगावच्या माणसांना असं धरून ठेवायची ती जुनी पद्धतच रद्द केली. २००७ मध्ये श्यामेन शहरात रासायनिक कारखाना येणार होता तेव्हा साध्या एसएमएसवरून निरोप फिरले, १ जूनला लोक रस्त्यावर आले, त्याला मोर्चा म्हणायचं नाही तर 'फिरायला जाणं' म्हणायचं असं ठरलं होतं. कारखाना जांगजौच्या बाजूला हलवला गेला. तिथे २०१५ मध्ये मोठा स्फोट झाला, म्हणजे एका शहराची सुटका झाली ती दुसऱ्याच्या माथी गेली, हेही लक्षात ठेवायला हवं.

२३ जुलै २०११ ला वनजौजवळ दोन हायस्पीड गाड्या धडकल्या, ४० माणसं गेली. डब्यातल्या प्रवाशांनी वेइबोवर मदत मागितली, ती टीव्हीच्या आधी लोकांपर्यंत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबीने डबा तिथेच खड्ड्यात पुरताना लोकांनी पाहिलं तेव्हा संताप अनावर झाला. रेल्वेच्या प्रवक्त्याने पत्रकारांना सांगितलं, तुमचा विश्वास बसो न बसो, माझा तरी आहे. ते वाक्य पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी राहिलं.

२०१२ मध्ये शानशी प्रांतात ३६ जणांचा जीव घेणाऱ्या बस अपघाताच्या जागी यांग दात्साय हा अधिकारी हसताना फोटोत दिसला. लोकांनी त्याचे जुने फोटो शोधले, प्रत्येक फोटोत मनगटावर वेगळं महागडं घड्याळ. वर्षभराने त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. असं सगळ्यांनी मिळून माणूस खणून काढण्याला तिथे 'रनरौ सोसुओ' म्हणतात, शब्दशः नरमांस शोध, आणि तो निरपराध माणसांवरही तितक्याच क्रूरपणे उलटतो.

२०२२ च्या जानेवारीत श्यूजौजवळच्या खेड्यात गळ्यात साखळी बांधलेली एक बाई एका व्हिडिओत दिसली. आठ मुलांची आई, भर थंडीत दार नसलेल्या खोलीत. स्थानिक प्रशासनाने एकामागून एक वेगवेगळी निवेदनं काढली, प्रत्येक वेळी गोष्ट बदलली, आणि लोकांनी, त्यातही बायकांनी, हिवाळी ऑलिंपिकच्या गडबडीतही विषय सोडला नाही. शेवटी तिला विकलं गेलं होतं हे मान्य झालं, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, नवऱ्याला ९ वर्षं झाली. पण तिला भेटायला निघालेल्या बाहेरच्या लोकांना गावाच्या वेशीवरच अडवलं गेलं. बदल होतो, पण कोणामुळे झाला हे सांगायची मुभा नसते.

६. कोविडच्या वेळचं ते डॉक्टरांचं प्रकरण नेमकं काय होतं?

ली वनल्यांग, वूहान सेंट्रल हॉस्पिटलमधले डोळ्यांचे डॉक्टर. ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी वर्गमित्रांच्या वीचॅट ग्रुपवर लिहिलं की मासळीबाजाराशी संबंधित सार्ससारखे सात पेशंट आहेत, सांभाळा. स्क्रीनशॉट फिरले. ३ जानेवारीला पोलीस ठाण्यात बोलावून त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. त्या कागदावर दोन प्रश्न आहेत, हे थांबवू शकाल का, आणि न थांबवल्यास काय होईल हे समजलं का. खाली डॉक्टरांच्या अक्षरात दोन उत्तरं: 'शकेन', 'समजलं'. बाजूला लाल अंगठे.

महिनाभराने आजारी असताना त्यांनी तो कागद वेइबोवर टाकला. ७ फेब्रुवारीला ते गेले. ती रात्र मला आजही आठवते, मी तोवर पुण्यात परत आले होते, फोनवर माझी सगळी फीड, एरवी फक्त जेवणाचे फोटो टाकणाऱ्या ओळखीच्या बायकासुद्धा, एकच गोष्ट लिहीत होत्या. 'आम्हाला बोलण्याचं स्वातंत्र्य हवं' हा हॅशटॅग वर आला आणि काही तासांत गेला. लोकांनी कागदावर 'शकत नाही', 'समजलं नाही' असं लिहून फोटो टाकले. मार्चमध्ये चौकशी होऊन समजपत्र मागे घेतलं, पोलिसांनी कुटुंबाची माफी मागितली, एप्रिलमध्ये त्यांना हुतात्मा म्हटलं गेलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण ह्या उजाडण्याची किंमत फार मोठी होती.

त्यांच्या शेवटच्या पोस्टखाली लोक अजूनही लिहितात. दहा लाखांवर कमेंट झाल्यात. त्यात राजकारण थोडंच असतं. डॉक्टर, आज नोकरी गेली. डॉक्टर, आज मुलगी झाली. डॉक्टर, बाहेर पाऊस आहे.

त्याच हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या प्रमुख आय फन ह्यांची मुलाखत १० मार्च २०२० ला एका मासिकाने छापली आणि लगेच काढली. मग लोकांनी ती वाचवायला जे केलं ते बघून मी शिक्षिका म्हणून थक्क झाले: उलट्या क्रमाने लिहिलेली, इमोजीत, मोर्स कोडमध्ये, हाडांवर कोरल्या जायच्या त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीत, डझनावारी रूपं. मशीनला कळू नये आणि माणसाला कळावं, बस.

७. शब्दांवर बंदी असेल तर लोक बोलतात कसं? ते कोडवर्ड काय असतात?

मँडरिनमध्ये एकाच उच्चाराचे, फक्त सूर वेगळा असे ढीगभर शब्द असतात. आपल्याकडे 'कर' म्हणजे हात आणि टॅक्स दोन्ही, तसं, पण शेकड्याने. त्यामुळे श्लेष तिथे हवेत असतो.

आधीचे राष्ट्राध्यक्ष हू जिन्ताओंच्या काळात 'सुसंवादी समाज' ही घोषणा होती, सुसंवाद म्हणजे 'हश्ये'. पोस्ट उडवली की लोक म्हणायचे माझं 'हश्ये' झालं. मग तो शब्दही गाळला जायला लागला तेव्हा त्याच्यासारखाच ऐकू येणारा 'नदीतला खेकडा' आला. २००९ मध्ये त्या खेकड्याशी लढणारा 'त्साओ नी मा' आला, लिहायला 'गवत-चिखल-घोडा', चित्रात गोंडस अल्पाका, आणि उच्चार मात्र आईवरून दिलेल्या शिवीचा. खेळणी निघाली, गाणी निघाली.

४ जून लिहिता येत नाही म्हणून '३५ मे'. २०१८ मध्ये मीटू चळवळीचा हॅशटॅग अडला तेव्हा 'मी थू' म्हणजे तांदूळ आणि ससा, भाताची वाटी आणि सशाचं इमोजी. आणि आपल्याला जवळचं म्हणजे २०२२ च्या लॉकडाऊनमधलं: बप्पी लाहिरींचं 'जिमी जिमी आजा आजा' तिकडच्या जुन्या पिढीला पाठ आहे, आणि 'ज्ये मी' म्हणजे 'तांदूळ उसने द्या'. डोयिनवर लोक रिकामी भांडी दाखवत त्या गाण्यावर नाचले. हिंदी गाणं म्हणून गाळणीतून सुटलं, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं.

८. कोरा कागद घेऊन लोक उभे होते ते काय?

२४ नोव्हेंबर २०२२ ला उरुम्चीत एका इमारतीला आग लागून १० जण गेले. लॉकडाऊनच्या अडथळ्यांमुळे सुटका झाली नाही असं लोकांचं म्हणणं होतं, अधिकाऱ्यांनी ते नाकारलं. २६ तारखेला नानजिंगच्या एका कॉलेजात विद्यार्थी कोरे ए-फोर कागद धरून उभे राहिले, शांघायमध्ये उरुम्चीच्याच नावाच्या रस्त्यावर मेणबत्त्या लागल्या, दुसऱ्या दिवशी बीजिंगमध्ये. जे लिहिलं की पुसलं जातं ते न लिहिताच धरायचं. नेटवर लोक टीका करायच्या ऐवजी ओळीच्या ओळी फक्त 'छान छान छान' लिहीत होते. व्हिडिओ आतून डिलीट होत, मग लोक ते इटलीत राहणाऱ्या एका चिनी चित्रकाराला पाठवत, तो ट्विटरवर टाके, आणि तिथून ते परत भिंत ओलांडून आत येत.

७ डिसेंबरला बहुतेक कडक नियम उठले. त्याला अर्थव्यवस्था, पसरलेला संसर्ग अशी इतर कारणंही होती. ह्या निदर्शनांत उतरलेल्या कित्येक तरुणांना नंतर शांतपणे घरून नेलं गेलं, ती बातमी मात्र एवढी फिरली नाही.

९. चीनची बाजू घेऊन भांडणारे सगळे पैसे घेऊन लिहितात का?

नाही. 'वूमाओ' म्हणजे पन्नास पैसेवाले, प्रत्येक पोस्टला अर्धा युआन मिळतो असा समज. प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्याच अभ्यासकांनी २०१७ मध्ये अंदाज मांडला की सरकार वर्षाला साधारण ४४ कोटी ८० लाख बनावट पोस्ट लिहवून घेतं, पण लिहिणारे मुख्यतः सरकारी कर्मचारीच, आणि ते भांडत नाहीत, विषय बदलतात. वाद पेटला की सणाच्या शुभेच्छा, शहराचं कौतुक.

भांडणारे ते वेगळे, त्यांना 'श्याओ फनहोंग' म्हणतात, छोटे गुलाबी. बरेचसे तरुण आणि खरोखर मनापासून देशाभिमानी. २०१६ च्या जानेवारीत त्यांनी ठरवून तैवानच्या निवडून आलेल्या नेत्या त्साय इंगवन ह्यांच्या फेसबुक पानावर कमेंटचा भडिमार केला, आणि त्यासाठी सगळ्यांना आधी भिंत चढून फेसबुकवर जावं लागलं. त्यांना विकत घेतलेलं म्हणणं मला पटत नाही. जे शिकत मोठं झालं, ज्या देशाची भरभराट डोळ्यांनी पाहिली, त्यातून तो अभिमान आलाय. दुसरी बाजू समोर आलीच नाही, हे दुःख आहे.

१०. 'लाइंग फ्लॅट', '९९६' हे शब्द कुठून आले?

९९६ म्हणजे सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०१९ च्या मार्चमध्ये प्रोग्रामर मुलांनी गिटहबवर, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर कोड ठेवतात त्या साइटवर, '९९६ डॉट आयसीयू' नावाचं पान काढलं, असं काम केलंत तर आयसीयूत जाल. गिटहब बंद करणं सरकारला परवडत नाही कारण सगळी सॉफ्टवेअर इंडस्ट्री त्यावर चालते, म्हणून ती जागा हुशारीने निवडली होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. प्रत्यक्षात तसे तास आजही आहेत.

२०२० मध्ये 'नेईज्वान' आला, म्हणजे आतल्या आत गुंडाळलं जाणं, सगळे जास्त धावतात आणि पुढे कोणीच जात नाही. सायकल चालवता चालवता हँडलवर लॅपटॉप उघडून बसलेल्या छिंगह्वा विद्यापीठातल्या मुलाचा फोटो त्याचं चित्र झाला. २०२१ मध्ये एका फोरमवरच्या पोस्टमधून 'थांगफिंग' आला, पाय पसरून आडवं पडणं: घर नको, लग्न नको, कमी खर्चात जगतो. त्यावर सरकारी पेपरांनी अग्रलेख लिहिले, ग्रुप बंद झाले. कोणी मोर्चा काढला नव्हता, एक माणूस फक्त झोपायचं म्हणत होता, पण ज्या व्यवस्थेला तुमची धावपळ हवी तिला ते झोपणंही राजकारण वाटतं. जेईई-नीटच्या क्लासमधली मुलं हा शब्द पहिल्या दिवशीच शिकतात, समजावून सांगावा लागत नाही.

११. फॅन क्लबवर सरकारने कारवाई का केली?

२०२१ च्या मे महिन्यात एक व्हिडिओ फिरला: बायका नाल्याकाठी ओळीने बसून दुधाच्या बाटल्या उघडतायत, झाकण बाजूला आणि दूध नाल्यात. झाकणाच्या आतल्या क्यूआर कोडने टॅलेंट शोमधल्या आवडत्या स्पर्धकाला मत देता येत होतं, म्हणून फॅन्सनी खोकीच्या खोकी विकत घेऊन झाकणं तेवढी ठेवली. दुष्काळ आणि उपासमार पाहिलेल्या पिढीच्या देशात ते दृश्य फार लागलं. शोची अंतिम फेरी थांबवली गेली आणि ऑगस्टमध्ये कलाकारांच्या क्रमवारीच्या याद्या बंद झाल्या.

पण मला वाटतं फक्त दूध हे कारण नव्हतं. हे फॅन क्लब पैसा गोळा करत, कामं वाटून घेत, एका इशाऱ्यावर लाखो कमेंट करत. पक्षाबाहेर एवढी शिस्तबद्ध संघटना, मग ती एखाद्या गायकासाठी का असेना, तिथे खपत नाही (प्रश्न ४ मधलं 'एकत्र येणं' आठवा). त्याच महिन्यात १८ खालच्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुट्टीला रात्री ८ ते ९ असा नियम आला.

१२. तिथे प्रत्येकाला सरकारकडून मार्क मिळतात ना, सोशल क्रेडिट?

नाही. प्रत्येक नागरिकाला एक आकडा असा देशव्यापी प्रकार नाहीये. न्यायालयाने सांगूनही कर्ज न फेडणाऱ्यांची काळी यादी आहे, त्यांना विमान आणि हायस्पीड रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. काही शहरांनी गुणांचे प्रयोग केले, ते तुकड्यातुकड्यात. आणि अलीपे ह्या पैसे देण्याच्या ॲपमधला झीमा स्कोअर हा खासगी, आपल्या सिबिलच्या जवळ जाणारा. खरी काळजी करायची तर प्रश्न ३ मधल्या ओळखपत्राच्या साखळीची करा.

१३. सगळं राजकारणच आहे का? साध्या माणसांच्या जगण्यात काय बदललं?

खूप बदललं, आणि हे मी आवडीने सांगते. क्वायशौ आणि डोयिनमुळे पहिल्यांदाच खेड्यातला माणूस स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या अंगणातून देशाला दिसला. सिचुआनची ली झछी आजीबरोबर राहून सोयासॉस घालते, रेशीम काढते, बांबूचं फर्निचर करते. २०२३ मध्ये ग्वेजौ प्रांतातल्या रोंगज्यांगमध्ये गावागावांच्या फुटबॉल स्पर्धेचे व्हिडिओ एवढे गाजले की देशभरातून लोक आले, खेळाडू म्हणजे मासे विकणारे, ट्रक चालवणारे, आणि बक्षीस बैल, डुकरं. त्याच वर्षी शानदोंगमधलं झबो हे जुनं कारखान्यांचं शहर फक्त शेगडीवरच्या कबाबामुळे तरुणांनी भरून गेलं.

ह्यातही सरकार हात धुऊन घेतं, 'सकारात्मक ऊर्जा' ह्या नावाखाली असं गोड गोड वर ढकललं जातं. पण त्या आनंदाला खोटं म्हणू नये. टिकटॉक होतं तेव्हा आपल्याकडेही खेडोपाडी शेताच्या बांधावर फोन उभा करून अभिनय करणाऱ्या बायका होत्याच की.

१४. भारतात वीचॅट बंद आहे, मग चीनमधल्या ओळखीच्यांशी बोलायचं कसं? आणि बाहेरून बोललेलंही तपासलं जातं का?

२९ जून २०२० ला भारताने गलवाननंतर ५९ ॲप्स बंद केली, त्यात टिकटॉक, वीचॅट आणि वेइबो होतं. पंतप्रधानांचंही २०१५ पासून वेइबोवर अकाउंट होतं, ते तेव्हा रिकामं केलं गेलं. सध्या व्यापारी लोक बहुतेक ईमेलवर काम चालवतात, चीनमध्ये पोचल्यावर तिथल्या नंबरवर वीचॅट घेतात.

तपासणीबद्दल: टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने दाखवलंय की चिनी नंबरवर उघडलेलं वीचॅट अकाउंट, माणूस नंतर कुठल्याही देशात गेला तरी, गाळणीखालीच राहतं. संदेश पाठवणाऱ्याला गेला असं दिसतं, समोरच्याला पोचतच नाही, सूचनाही येत नाही. बाहेरच्या नंबरांची अकाउंट गाळली जात नसली तरी त्यांच्या फाइली तपासून गाळणी शिकवली जाते, हे त्यांनी २०२० मध्ये मांडलं. म्हणून तिथल्या मित्राला आपल्याकडून भलतं काही पाठवू नका. त्रास त्याला होतो, आपल्याला नाही.

१५. मी पुढच्या महिन्यात जातोय. व्हीपीएन वापरला तर पकडतील का?

व्हीपीएन म्हणजे ही भिंत ओलांडून बंद साइट्स उघडायचं साधन. परवाना नसलेला व्हीपीएन विकणं हा गुन्हा आहे, २०१७ मध्ये ग्वांगशीत एका विक्रेत्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. वापरणाऱ्या चिनी लोकांनाही कधीकधी दंड होतो. परदेशी पाहुण्यांच्या मागे सहसा कोणी लागत नाही पण कायदा तुमच्या बाजूने नाही हे धरून चाला. भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सॲप साधारणपणे चालतं कारण तो डेटा आपल्या कंपनीमार्गे जातो, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. तिकिटं, पत्ते आणि पासपोर्टच्या कॉपी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

१६. चिनी एआयवर विश्वास ठेवावा का?

कोडिंग, गणित, भाषांतर ह्याला उत्तम, मी स्वतः वर्गात वापरते. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम आहे की अशा सेवांनी 'समाजवादी मूल्यं' पाळावीत, त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत गाजलेल्या डीपसीकला १९८९ बद्दल विचारलं तर ते विषय टाळतं. इतिहासासाठी वापरू नका.

१७. १९८९ बद्दल तिथल्या तरुणांना खरंच काही माहीत नसतं का?

हा प्रश्न विद्यार्थी सगळ्यात जास्त विचारतात आणि ह्याचं एका शब्दात उत्तर नाही. काहींना घरी कोणीतरी दार लावून सांगितलेलं असतं. काहींनी परदेशात शिकताना वाचलेलं असतं. खूप जणांना खरंच माहीत नसतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, शाळेच्या पुस्तकात नाही, सर्चमध्ये नाही, ४ जूनच्या आसपास तर मेणबत्तीचं इमोजीसुद्धा गायब होतं.

ली ज्याछी हा ऑनलाइन विक्रीतला सगळ्यात मोठा चेहरा, लिपस्टिक विकून नाव झालेला. ३ जून २०२२ च्या रात्री तो लाइव्ह होता आणि त्याच्या टीमने एक आइस्क्रीम केक समोर आणला, थरांचा चौकोनी केक, बाजूला गोल बिस्किटं चाकांसारखी, वर एक नळी. दिसायला रणगाडा. स्ट्रीम तिथेच तुटली. वेइबोवर लिहिलं गेलं की तांत्रिक बिघाड आहे, आणि पुढे साडेतीन महिने तो कुठे दिसलाच नाही. त्याला स्वतःला त्या तारखेचा अर्थ माहीत होता की नाही हे त्याने कधीच सांगितलं नाही.

पण त्या रात्री त्याच्या लाखो चाहत्या, बऱ्याचशा विशी-पंचविशीतल्या, फेसवॉश घ्यायला थांबलेल्या, एकमेकींना विचारत होत्या: आइस्क्रीममध्ये काय वाईट होतं? रणगाडा दाखवला तर काय झालं? आज तारीख काय आहे?